कुकरच्या शिट्टीसकट

नील यंगचं 'काउगर्ल इन द सँड' कुठेही लागलं की साधारण दोन मिनिटांनी मी थबकते. कुकरच्या शिट्टीची वाट बघत. ती येत नाही, आणि का येत नाही हे मला चांगलं माहितीये, कारण ती शिट्टी मुळात अमेरिकेत झालीच नव्हती, ती डोंबिवलीत आजीच्या स्वयंपाकघरात झाली होती, १९८८ च्या मे महिन्यात, मामा शिपवरून साइन ऑफ होऊन आला होता आणि त्याने रेकॉर्ड प्लेयरच्या स्पीकरसमोर टू-इन-वन ठेवून, लाल बटण दाबून, सगळ्यांना 'आता दीड तास कुणी बोलायचं नाही' असा दम दिला होता. आजीने बोलायचं नाही एवढंच ऐकलं. कुकरबद्दल काही ठरलं नव्हतं.

मामा मर्चंट नेव्हीत, इंजिन रूममध्ये. ती रेकॉर्ड त्याने बाहेरच्या कुठल्यातरी बंदरावर सेकंडहँड घेतलेली. कधी रॉटरडॅम सांगतो, कधी हॅम्बुर्ग, एकदा चुकून सिंगापूरही म्हणाला. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग या चौघांचा लाइव्ह अल्बम, 'फोर वे स्ट्रीट', एप्रिल १९७१ चा. आत दोन तबकड्या. पहिलीवर सगळं अकूस्टिक, म्हणजे साधी गिटार, मधूनच पियानो आणि गळे. दुसरीवर इलेक्ट्रिक, म्हणजे अँप्लिफायर, ड्रम्स, बेस, सगळा धुरळा. मामाने नव्वद मिनिटांची कॅसेट आणली, ए साइडला पहिली तबकडी, बी साइडला दुसरी, आणि जाताना मला देऊन गेला. म्हणाला, 'बी साइड ऐक हां नीट. ए साइड तुझ्या आईसाठी आहे.'

मी त्या वेळी आठवीत, आणि मामाचं काही ऐकायचं नाही हे माझं वयच ठरवून बसलेलं. मी फक्त ए साइड ऐकली. पुढची पाच-सहा वर्षं फक्त ए साइड. बी साइडला दोन माणसं गिटारी घेऊन तेरा-चौदा मिनिटं एकमेकांच्या अंगावर धावून जातायत असं वाटायचं आणि आजी आतून विचारायची, कोण भांडतंय गं? नंतर आमच्या टेपने बी साइडची रीळ खाल्ली, मी पेन्सिलीने गुंडाळून सेलोटेप लावून जोडली खरी पण मधला तुकडा गेला तो गेलाच, आणि खरं सांगते, मला काही वाईट वाटलं नाही.

आईला मात्र ए साइडही झेपली नाही. तिने दारात उभं राहून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, 'अगं पण ही माणसं वेगवेगळ्या चालीत का म्हणतायत? एकदा बसून ठरवायचं ना.'

तिचं काही चुकलं नव्हतं. हार्मनी हा प्रकार आपल्या कानांना सवयीचा नाही. भजनाला पंचवीस माणसं बसली तरी सगळे चाल एकच धरतात, कुणी खालच्या सप्तकात, कुणी वरच्या, एखाद्याचा सूर लागत नसतो, पण वाट एक. इथे तीन माणसं एकच शब्द, एकाच वेळी, तीन वेगळ्या सुरांवरून नेतात आणि तरी कुणी कुणाला धक्का लावत नाही. स्टिल्सचा आवाज थोडा घोगरा, ब्लूजच्या अंगाचा. नॅश सगळ्यात वर, एकदम स्वच्छ. आणि मध्ये क्रॉस्बी. हा मधला सूर सगळ्यात अवघड, कारण तो एकटा काढून ऐकलात तर गाणं वाटतच नाही, काहीतरी भलतीकडेच चाललेलं वाटतं, आणि बाकीचे दोन सूर आले की कळतं की अरे, हा नसता तर हे दोन नुसतेच लटकले असते. मला हे कळायला एक वर्ष लागलं. आणि एकदा कळल्यावर मी ए साइडच्या 'टीच युवर चिल्ड्रन'मध्ये फक्त क्रॉस्बी शोधत बसायचे, जसं ग्रुप फोटोत आपल्या माणसाचं डोकं शोधतो तसं.

ही मंडळी एकत्र कशी आली त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९६८, लॉस एंजेलिसजवळचं लॉरेल कॅन्यन. डेव्हिड क्रॉस्बीला बर्ड्स या त्याच्या बँडने आदल्या वर्षी काढून टाकलेलं. स्टीव्हन स्टिल्सचा बँड, बफेलो स्प्रिंगफील्ड, फुटलेला. ग्रॅहम नॅश इंग्लंडचा, हॉलीज या हिट बँडमधला, पण तिथे कंटाळलेला. एका घरी क्रॉस्बी आणि स्टिल्स दोघांनी स्टिल्सचं एक गाणं म्हणून दाखवलं, नॅश म्हणाला परत म्हणा, त्यांनी म्हटलं, तो म्हणाला अजून एकदा, आणि तिसऱ्या खेपेला त्याने वरचा सूर लावला. तिघं मध्येच थांबून हसायला लागले म्हणे. पण हे कुणाच्या घरी झालं? नॅश आणि क्रॉस्बी सांगत आले की गायिका जोनी मिचेलच्या घरी. स्टिल्स म्हणतो, छे, दुसरी गायिका, कॅस एलियट, तिच्या घरी. ज्या लोकांना आपण पहिल्यांदा कुठे गायलो यावर एकमत करता येत नाही त्यांचा बँड किती टिकणार हे तिथेच दिसायला हवं होतं.

ए साइडवर माझा जीव जडायला अजून एक कारण होतं ते मला खूप उशिरा कळलं. अल्बम सुरू होतो तो 'सूट: जूडी ब्लू आइज' या गाण्याच्या शेपटाने, जेमतेम अर्धं मिनिट, आख्खं गाणं नाहीच, थेट शेवटचा भाग आणि टाळ्या. हे गाणं पूर्ण मिळवायला मी कॉलेजात गेल्यावर दादरपर्यंत गेले होते. सात मिनिटांहून मोठं. आणि त्यातली गिटार सरळ लावलेलीच नाही. सहा तारांपैकी पाच 'ई' सुरात आणि एक 'बी'मध्ये. म्हणजे आपल्या हिशोबाने पाच सा आणि एक प! तंबोराच तो. उगाच नाही माझा कान तिथे जाऊन बसला. स्टिल्सने तंबोरा समोर ठेवून हे केलं असा माझा दावा नाही, त्याच्याकडे ते ट्युनिंग त्याच्या जुन्या बँडमधल्या ब्रूस पामरकडून आलं. पण त्या काळात त्या मंडळींच्या कानावर आपलं संगीत होतं हे खरं आहे. क्रॉस्बी रविशंकरांचा भक्त, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला त्यांचं वादन ऐकायला लावणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. आणि क्रॉस्बीचं 'ग्विनेव्हिअर', तेही असंच विचित्र लावलेल्या गिटारवरचं, जॅझवाल्या माइल्स डेव्हिसने १९७० मध्ये चक्क सतार आणि तंबोरा घेऊन रेकॉर्ड केलं. मूळ गाणं मला जास्त आवडतं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तर माझं मत पक्कं झालं होतं. अकूस्टिक म्हणजे खरं. लाकूड, तार, गळा, मध्ये काही नाही. हे लोक स्वतःसुद्धा स्टेजवर त्या भागाला 'वुडन म्युझिक' म्हणायचे, लाकडी संगीत. आणि इलेक्ट्रिक म्हणजे शो, म्हणजे आवाज मोठा करून दुसऱ्याला गप्प करणं. हे मी कित्येक वर्षं कित्येक लोकांना ठासून सांगितलंय. हॉस्टेलवर एका मुलीशी यावरून दोन दिवस अबोला धरलाय. मामाशी तर दर वर्षी वाद. तो म्हणायचा, 'तू झाकण बघून डबा ठरवतेस.'

मग कधीतरी, नोकरी लागल्यावर, सीडी घेतली. सीडीत कुकर नव्हता, त्यामुळे आधी परकंच वाटलं. पण सीडीसोबत कागद होता आणि त्यावर कोणत्या गाण्यात कोण आहे ते होतं, आणि तो वाचता वाचता मी अक्षरशः परत मागे जाऊन एकेक गाणं मोजायला लागले. 'ट्रायाड': क्रॉस्बी, एकटा. 'शिकागो': नॅश, एकटा पियानोवर. 'काउगर्ल': यंग, एकटा. त्याच्या पुढचं गाणं: यंग, परत एकटाच. नंतर स्टिल्स पियानोवर, एकटा, गाता गाता भाषणच ठोकतो. कुठे दोघं आहेत, क्रॉस्बी आणि नॅश. चौघं एकत्र आहेत अशी जागा अगदी थोडी. म्हणजे ज्या बाजूला मी एकजीव हार्मनी, एकमेकांत मिसळलेले गळे वगैरे म्हणत आले होते, ती बाजू बहुतेक एकेकट्या माणसांची होती. एकजण येतो, स्टुलावर बसतो, आपलं गाणं म्हणतो, टाळ्या, मग दुसरा येतो. बाकीचे विंगेत. आणि ज्या बाजूला भांडण आहे म्हणून मी ती ऐकत नव्हते तिथे चौघंही सगळा वेळ स्टेजवर आहेत.

मला हे कळल्यावर मामाला फोन करावासा वाटला आणि केला नाही. कारण त्याने 'मग?' एवढंच म्हटलं असतं.

पण मग मी बी साइड ऐकायला लागले, आणि आधी त्या मागची गणितं समजून घेतली. गंमत म्हणजे यांचा मे १९६९ चा पहिला अल्बम, ज्यात यंग अजून नव्हता, तो तिघांच्या गळ्यांसाठी गाजला, पण त्यातली इलेक्ट्रिक गिटार, बेस, ऑर्गन जवळपास सगळं एकट्या स्टिल्सने वाजवलंय, एकावर एक थर देत. त्याला 'कॅप्टन मेनी हँड्स' असं नावच पडलं होतं. आता स्टुडिओत एक माणूस चार वाद्यं वाजवू शकतो, स्टेजवर काय करणार? त्याला हात दोनच. म्हणून अजून एक वाजवणारा हवा झाला, आणि अटलांटिक रेकॉर्ड्सच्या अहमद अर्टेगनने नील यंगचं नाव सुचवलं. स्टिल्स आणि यंग बफेलो स्प्रिंगफील्डमध्ये दोन वर्षं गिटारींवरून भांडलेले. तरी घेतलं. म्हणजे चौथा माणूस आला तो हार्मनीत सूर कमी पडत होता म्हणून नाहीच, तो आला इलेक्ट्रिक बाजू उभी करायला. हे लक्षात घेतलं की पुढचा सगळा तमाशा समजतो.

चौघांचा पहिला कार्यक्रम शिकागोत, १६ ऑगस्ट १९६९ ला. दुसरा थेट वुडस्टॉकच्या प्रचंड संगीत महोत्सवात. सोमवारी पहाटे, लाखोंचा जनसमुदाय, आणि स्टिल्स माइकवर सांगतो की आम्ही लोकांसमोर दुसऱ्यांदाच वाजवतोय आणि आमची जाम टरकलीये. आधी अकूस्टिक भाग, मग इलेक्ट्रिक. त्या महोत्सवावरच्या फिल्ममध्ये अकूस्टिकच दिसतं कारण यंगने आपल्याला शूट करू द्यायला नकार दिला. त्यामुळे जगाच्या डोक्यात या बँडचं जे चित्र बसलं ते तिघं, साध्या गिटारी, रात्र, 'जूडी ब्लू आइज'. ते गाणं नीट ऐकलंत तर तिथे सूर बऱ्यापैकी हललेत. मला त्या रेकॉर्डिंगबद्दल काही बोललेलं आवडत नाही पण हललेत. घाबरलेल्या माणसाचा सूर वर जातो, आणि लाकडी संगीतात लपायला जागा नसते, ड्रम नाही, काही नाही. बाकी लोकांना ते ऐकून भरून येतं. मलाही येतं.

'सदर्न मॅन' मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं तेव्हा बत्तीस वर्षांची होते. तेरा मिनिटांच्या वर. गाणं यंगचं, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांना काळ्यांवरच्या अत्याचारांचा हिशोब मागणारं. कडवं झालं की दोन गिटारी सुरू होतात. यंग एकच सूर धरून बसतो, तोच तोच, हट्टी पोरासारखा, गिटारचा आवाज फाटेपर्यंत. स्टिल्स जास्त तयारीचा, त्याची बोटं पळतात, ब्लूजच्या जागा घेत घेत तो पुढे जातो आणि मागे वळून बघतो की हा अजून तिथेच उभा. मग तो परत येतो. मग यंग हलतो. मला पूर्वी यात भांडण ऐकू यायचं, आणि भांडण आहेच, पण ते एकमेकांचं ऐकून घेऊन केलेलं भांडण आहे. दुसऱ्याने शेवटचं वाक्य कुठे सोडलं हे माहीत असल्याशिवाय तिथून उचलता येत नाही. आपल्याकडे सवाल-जवाब म्हटला की हे लगेच समजलं असतं, पण गिटारला अँप जोडलेला असला की माझे कान बंद व्हायचे, त्याला काय करणार.

उलट 'काउगर्ल' बघा. ते मुळात यंगच्या क्रेझी हॉर्स या दुसऱ्या बँडबरोबरच्या १९६९ च्या अल्बमवर दहा मिनिटांचं, इलेक्ट्रिक, त्यात शब्द कमी आणि गिटारच जास्त. इथे तेच चार मिनिटांत, एकटा, साधी गिटार. मी अकूस्टिकच आधी ऐकलेलं असल्याने मला तेच मूळ वाटायचं. आता दोन्ही ऐकते. इलेक्ट्रिकमध्ये तो त्या बाईला काही विचारतोय असं वाटतं, अकूस्टिकमध्ये ती निघून गेल्यावर स्वतःशी बोलतोय असं. चाल तीच, शब्द तेच. यंगने पुढे १९७९ च्या 'रस्ट नेव्हर स्लीप्स'मध्ये हा प्रकार उघडच केला, एकच गाणं सुरुवातीला अकूस्टिक आणि शेवटी इलेक्ट्रिक, आणि त्या दोघांना नावंही थोडी वेगळी दिली.

मामाचं म्हणणं काय होतं ते त्याने मला एकदा नीट सांगितलं, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, गच्चीवर, मांडववाले खाली आरडाओरडा करत होते तेव्हा. म्हणाला, इंजिन रूममध्ये बोललेलं काही ऐकू येत नाही. कानावर मफ्स, तरी आवाज हाडातून आत येतो. मग तिथे माणसं काय करतात? एकमेकांकडे बघतात. हाताच्या खुणा, भुवया, खांदा. चार महिने असं काम केलं की समोरच्याला पाना हवाय का पाणी ते तो वळायच्या आधी कळतं. 'तुला शांततेतलं प्रेम आवडतं,' म्हणाला, 'ते सोप्पं असतं गं.' आदल्या दिवशी नवरीला सांगायची ही काय गोष्ट झाली! पण लक्षात राहिली.

अर्थात मामाचं सगळं बरोबर आहे असंही नाही. इंजिन रूममध्ये हार्मनी गायची नसते. १९७४ ला हे लोक परत एकत्र आले आणि मोठमोठ्या स्टेडियममध्ये दौरा केला, जुलैत सिअ‍ॅटलहून सुरुवात, सप्टेंबरात लंडनच्या वेम्बलीला शेवट. इतक्या मोठ्या स्टेडियमांतून एवढा लांब दौरा हा प्रकारच तेव्हा नवीन. एकेका वेळी हजारो लोक, कुठे कुठे पन्नास हजारांच्या वर. स्टिल्स आणि यंग आपापल्या अँपचा आवाज वाढवत गेले, एकाने वाढवला की दुसरा वाढवणार, आणि क्रॉस्बीने नंतर स्पष्ट सांगितलंय की त्या दोघांच्या बाजूने शंभर डेसिबलच्या वर मारा चालू असायचा, मी आणि नॅश, आम्हाला आमचाच आवाज ऐकू येत नसेल तर आम्ही हार्मनी करणार कशी? आता कानात घालायचे मॉनिटर असतात, गायकाला हवं तेवढंच ऐकवता येतं. तेव्हा पायाशी ठेवलेले स्पीकर, आणि मागून अँपचा लोंढा. स्वतःचा सूर ऐकू आला नाही की माणूस ओरडतो, ओरडला की सूर चढतो, तिघं चढले की तिघं वेगवेगळे चढतात. क्रॉस्बीने त्या दौऱ्याला 'डूम टूर' नाव ठेवलं. त्याचं रेकॉर्डिंग चाळीस वर्षांनी, २०१४ मध्ये निवडून पारखून बाहेर आलं. त्यातला मधला अकूस्टिक भाग ऐकला की, अरे, परत श्वास घेतायत, असं होतं. तिथे मी मामाला मार्क देत नाही.

पण 'ओहायो' आहे ना. ४ मे १९७०, ओहायो राज्यातलं केंट स्टेट विद्यापीठ, कंबोडियावरच्या हल्ल्याविरुद्ध विद्यार्थ्यांची निदर्शनं, आणि नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार मुलं मेली, नऊ जखमी झाली. त्यातली काही निदर्शनात नव्हतीच, क्लासला चालली होती. यंगने मासिकातले फोटो बघून गाणं लिहिलं, त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये चौघांनी ते सगळं एकत्र वाजवत रेकॉर्ड केलं, आणि जूनमध्ये दुकानात. नॅशचं 'टीच युवर चिल्ड्रन' तेव्हा चार्टवर वर चढत होतं, त्याचा विचार न करता ही सिंगल काढली. काही रेडिओ स्टेशनांनी लावायला नकार दिला कारण त्यात तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाचं, निक्सनचं, नाव घेतलंय. गाण्याच्या शेवटी क्रॉस्बी हार्मनी सोडून नुसता ओरडतो, अजून किती, का, असं. तो मधला सूर, ज्याने दोन्ही बाजू बांधून ठेवायच्या, तोच सुटतो. हे लाकडी गिटारवर झालं नसतं. मला नाही वाटत झालं असतं.

आणि त्याच सिंगलच्या मागच्या बाजूला 'फाइंड द कॉस्ट ऑफ फ्रीडम'. स्टिल्सचं. आधी साधी गिटार बराच वेळ, आणि मग दोन-चार ओळी, चार गळे. बस. एका बाजूला इलेक्ट्रिक, एका बाजूला अकूस्टिक, एका छोट्या तबकडीच्या दोन बाजू, आणि मध्ये ती चार मुलं. मी पंधरा वर्षं ज्यावर वाद घालत होते ते या लोकांनी चाळीस पैशाच्या प्लॅस्टिकवर पाठीला पाठ लावून ठेवलेलं होतं.

आता मजा अशी की 'फोर वे स्ट्रीट'सुद्धा याच गाण्याने संपतो. इलेक्ट्रिक तबकडीवर, 'कॅरी ऑन'च्या चौदा मिनिटांच्या दंग्यानंतर, सगळ्यात शेवटी. बी साइडच्या टोकाला. आणि हे मला माहीतच नव्हतं, रीळ जोडून झाल्यावरही नव्हतं, कारण कॅसेट तिथे पोचायच्या आधीच संपायची. तबकडी त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटांची, कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. खरं तर मावायला हवं होतं.

बँड त्यानंतर कितीदा जुळला आणि फुटला ते मोजण्यात अर्थ नाही. 'फोर वे स्ट्रीट' दुकानात आला तेव्हाच तो फुटलेला होता. चौघं शेवटचे एकत्र वाजले ते ऑक्टोबर २०१३ मध्ये, कॅलिफोर्नियात, यंग ज्या शाळेसाठी दरवर्षी कार्यक्रम करायचा तिथे, आणि त्या कार्यक्रमाचा शिरस्ताच होता की सगळं अकूस्टिक. तिघं मात्र नंतरही गायले, शेवटचं २०१५ च्या डिसेंबरात, वॉशिंग्टनमध्ये, राष्ट्राध्यक्षांसमोर, नाताळचं झाड उजळायच्या सोहळ्यात. 'सायलेंट नाइट'. जगातली बहुधा सगळ्यात सोपी हार्मनी. आणि ते इतकं विस्कटलं की बघवत नाही. तिथे कुणाचा शंभर डेसिबलचा अँप नव्हता. एकमेकांशी बोलणं मात्र बंद होत चाललं होतं. मी तो व्हिडिओ एकदाच बघितला आणि टॅब बंद केली. क्रॉस्बी जानेवारी २०२३ मध्ये गेला.

त्या आठवड्यात मी मामाकडे गेले. तो आता एकटाच असतो, दोन्ही कानांना मशीन. इंजिन रूमने वरच्या पट्टीचं सगळं खाल्लं, डॉक्टरने त्याला आलेख दाखवला होता, एका जागेनंतर रेघ सरळ खाली. सूर कळतात, शब्दांच्या कडा कळत नाहीत, स, श, फ सगळं सारखंच. मी विचारलं काय लावू, तर म्हणाला, तुझी ए साइड लाव, बिचारा क्रॉस्बी त्यात जास्त आहे. मी म्हटलं नको, बी लावते. आम्ही दोघंही जरा चमकलो.

मशीन काढून ठेवली त्याने. म्हणाला गाण्यात ती चिरकतात. स्पीकर मांडीवर घेतला, हो, चक्क मांडीवर, दोन्ही हात वर ठेवून. 'सदर्न मॅन' त्याने तसंच ऐकलं, डोळे मिटून, आणि स्टिल्स कुठला आणि यंग कुठला ते बोट हलवून दाखवत होता, एकदाही चुकला नाही. 'कॅरी ऑन' संपलं. टाळ्या. मग ती एकटी साधी गिटार सुरू झाली आणि त्याने डोळे उघडले.

'हे पण आहे यात?'

मी म्हटलं, मामा, तूच रेकॉर्ड केलेलं ना! तबकडी तुझी! तुझ्या कॅसेटवर हे कधी नव्हतंच, मला सीडीत कळलं.

तो विचार करत राहिला. गाणं दोन-अडीच मिनिटांचं, ते संपत आलं. मग म्हणाला, 'तबकडी उलटायला उठलो ना, तेव्हा टेप थांबवायचा राहिला. तुझ्या आजीने आतून हाक मारली कुकर उतरवायला. परत आलो तर रीळ फिरतेय नुसती.' आणि मग स्पीकर माझ्याकडे देत, 'परत लाव बघू. मघाशी तू बोलत होतीस.'